समुद्राचा धुरा (बांध) कोण मोजते?

काठावरचा
राम राम मंडळी. आमचं गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही दादरच्या चौपाटीवर, मेव्हण्याच्या चपला सांभाळत.

माझी भाची नागपूरहून भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झाली. चेन्नईला राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्र म्हणून पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची संस्था आहे, तिथे तिला एका प्रकल्पावर घेतलं. कंत्राटी आहे, पण पगार वेळेवर होतो. दिवाळीत घरी आली. जेवताना माझ्या बहिणीने, म्हणजे आमच्या बाईने, विचारलं, "दिवसभर करतेस तरी काय तिथं?" पोरगी म्हणाली, "सध्या रेती चाळते."

ताटावर सगळे गप. मग बाई म्हणाली, "रेती चाळाले बल्लारशाहून रातभर गाडीत बसून जा लागते का वं? आपल्या घाटावर रेती कमी हाये काय?"

मी तेव्हा हसलो, पण प्रश्न डोक्यातून जात नाही. तटरक्षक दल समजतं, बोट असते, बंदूक असते. पण किनाऱ्याचा अभ्यास करून किनारा वाचवणारी संस्था म्हणजे काय? किनारा कुठे पळून जातो का? आणि आपल्यासारख्या लोकांना, ज्यांच्या चारही बाजूंना जमीनच जमीन, त्याचं काय? जाणकारांनी सांगावं. टिंगल केली तरी चालेल, सवय आहे.

शंकेखोर
किनारा पळतो. धागा संपला. पुढचा काढा.

संत्रावाला
लोकांनी रेतीवर टिप्पर घेतले, बंगले बांधले, दोन-चार तर निवडून आले. तुमची भाची रेतीत हात घालूनसुद्धा पगारावरच राहिली. संस्कार म्हणायचे, दुसरं काय.

निवृत्त_उपअभियंता
पाटबंधाऱ्यात जन्म गेला, त्यातली काही वर्षं प्रतिनियुक्तीवर किनाऱ्याच्या कामांत. म्हणून जरा लांब लिहितो.

रेती चाळण्यात हसण्यासारखं काही नाही. किनाऱ्यावर ठरलेल्या जागी दोर धरल्यासारखी एक रेघ घ्यायची, टेकाडापासून थेट पाण्यात. त्या रेघेवर ठिकठिकाणी उंची मोजायची आणि पिशवीत मूठभर रेती घ्यायची. पिशवीवर चिठ्ठी. प्रयोगशाळेत ती धुवायची, भट्टीत वाळवायची आणि चाळण्यांच्या उतरंडीत ओतायची. सगळ्यात वर मोठ्या भोकांची, खाली बारीक होत जाणारी. यंत्र उतरंड हलवतं. मग एकेक चाळणी काट्यावर ठेवून कुठे किती ग्रॅम अडकली ते लिहायचं. दाणा जाड की बारीक यावरून तिथे लाटेचा जोर किती, रेती आली कुठून आणि टिकेल का, याचा अंदाज बांधता येतो.

हे वर्षातून एकदा करून भागत नाही. पावसाळ्यात उंच लाटा किनाऱ्याची रेती ओढून आत नेतात, तिथे पाण्याखाली तिचा बांध तयार होतो. लाटा शांत झाल्या की तीच रेती हळूहळू परत येते. ऑगस्टमध्ये फोटो काढणारा ओरडतो "किनारा गेला", फेब्रुवारीत काढणारा म्हणतो "कुठे गेला?" दोघेही खरे. म्हणून वर्षानुवर्षं मोजावं लागतं, सोबत उपग्रहांची जुनी चित्रं लावावी लागतात. या संस्थेने १९९० ते २०१८ ची चित्रं लावून मुख्य भूमीचा सगळा किनारा तपासला. सुमारे ३३.६ टक्के किनारा झिजतोय, २६.९ टक्के भरतोय, बाकीचा जागेवर आहे. पश्चिम बंगालची अवस्था सगळ्यात वाईट, तिथे साठ टक्क्यांच्या आसपास झीज. महाराष्ट्रात पाव. आपल्याकडे कातळ जास्त, म्हणून बचावलो.

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे समुद्र दरवर्षी धुरा कोरते अन् हे लोक टेप घेऊन पाह्यते किती कोरला! आमचा शेजारी हेच करते राजेहो. दर नांगरटीले नांगराची एक रेघ माह्या वावरात. त्याच्यावर कोनती संस्था बसवता येईन का?

काठावरचा
@निवृत्त_उपअभियंता, आभार. उतरंडीचं बाईला सांगितलं. तिचा प्रश्न : गव्हाच्या चाळण्या वापरतात की वेगळ्या मिळतात?

निवृत्त_उपअभियंता
पितळेच्या किंवा स्टीलच्या. भाव ऐकाल तर गहू न चाळताच खाल.

अनुशेष
एक कडवट बोलू का? आमच्या गावच्या पाणंद रस्त्यासाठी मी ११ वर्षं अर्ज करतोय. मोजणीला माणूस येत नाही. आला तर नकाशा नसतो, नकाशा असला तर साखळी नसते. आणि तिकडे समुद्राची मोजणी उपग्रहावरून? प्रत्येक गोष्टीत विदर्भ शेवटी. भाचीचं अभिनंदन, पण प्रश्न बरोबर आहे. आम्हाला काय त्याचं?

मालवणी मासोळी
@अनुशेष, तुमचं दुःख समजतं. पण माझं माहेर किनाऱ्यावर आहे. आजोबांच्या वेळची नारळीची ओळ आता पाण्यात आहे. सातबाऱ्यावर जमीन आहे, जाग्यावर नाही. धरणग्रस्तांना निदान भूसंपादनाचा कागद तरी मिळतो. समुद्र नोटीस देत नाही.

बाय द वे, शाळेत महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर शिकलो. हल्ली काहीतरी ८७८ वाचलं. मग किनारा झिजतोय म्हणता तर वाढला कसा?

शंकेखोर
हाच प्रश्न विचारायला आलो होतो. सरकारी झीज अशीच असते, कागदावर वाढते.

निवृत्त_उपअभियंता
फसवणूक नाही, पट्टीचा खेळ आहे. देशाचा किनारा आपण ७,५१६ किलोमीटर पाठ केला होता. तो जुन्या, मोठ्या अंतराच्या नकाशावरून मोजलेला. अलीकडे बारीक नकाशावर नव्याने मोजला तेव्हा ११,०९८ भरला. महाराष्ट्राचा जुना सरकारी आकडा ६५२, नवा ८७७ च्या वर. जमीन तीच, पाणी तेच.

आता पाहा. तुमच्या वावराला लागून नाला आहे. शंभर फुटी साखळीने काठ मोजला तर प्रत्येक वळण कापून सरळ जाल. हाताच्या वितीने मोजला तर प्रत्येक खाचेत शिराल. काठ तोच, लांबी दीडपट. खाड्या, बेटं, खाजणं असलेल्या किनाऱ्याचं तर विचारूच नका.

वऱ्हाडी_ठेचा
हे तलाठ्याले सांगू नका बाप्पा. उद्या विती वितीने मोजून शेतसारा लावन.

संत्रावाला
काही वाचलं की तिथे अजून एक संस्था आहे? चेन्नईतच? पर्यावरण मंत्रालयाची?

निवृत्त_उपअभियंता
आहे. अण्णा विद्यापीठाच्या आवारात, शाश्वत किनारा व्यवस्थापनाचं राष्ट्रीय केंद्र. भरतीरेषेपासून किती अंतरात काय बांधता येईल याचे जे नियम आहेत, १९९१ चे, मग २०११ चे, मग २०१९ चे, त्यांच्या नकाशांचं काम प्रामुख्याने त्यांच्याकडे. भाचीची संस्था लाटा, रेती, पाण्याची प्रत, झीज यांच्या मागे. शिवाय आपलं खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, १९१६ सालचं. तिथे बंदराचं लहान रूप जमिनीवर बांधून त्यात खोट्या लाटा सोडतात. पाहण्यासारखं असतं.

वऱ्हाडी_ठेचा
एका वावराले दोन तलाठी. मंग धुरा कायले टिकते.

लोणारी
अवांतर : कोण म्हणतं विदर्भात समुद्र नाही? अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात या. बोअर मारली की खारट पाणी. माझी आजी त्या पाण्यात डाळ शिजवून दाखवा म्हणायची, संध्याकाळपर्यंत शिजायची नाही. आणि आमचं लोणार आहेच. उल्केने बसाल्टात पाडलेला खड्डा, त्यात खारं पाणी. मासा नाही, लाट नाही, पण खारेपणाचा मान आमचाच.

संत्रावाला
खारेपणा तर आमच्या वहिनींच्या भाजीतही आहे, म्हणून किनारा म्हणायचं का? (वहिनी इथे सदस्य नाहीत, खात्री करून लिहिलंय.)

गोदावरीचं टोक
हा धागा पाहून लॉगिन केलं. मूळ गाव गडचिरोली जिल्ह्यात, गेली १४ वर्षं नोकरीमुळे काकीनाड्याला. @काठावरचा, तुमचा प्रश्न मला तिकडून नाही, इकडून दिसतो.

आधी नकाशा उघडा. आपण समुद्र म्हटलं की मुंबईकडे तोंड करतो. सिरोंच्यापासून मुंबई सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटर आहे. काकीनाडा सव्वातीनशेच्या आसपास. तुमची वैनगंगा वर्धेला मिळते, त्यांची प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी इथे, माझ्या घरापासून गाडीने फार लांब नाही, समुद्रात. तुमच्या घाटावरून पुरात जे वाहून जातं त्याचा मुक्काम माझ्या दारात आहे.

काकीनाड्यासमोर होप आयलंड म्हणून रेतीची एक लांबच लांब जीभ आहे, सोळा-एक किलोमीटर. दोनशे वर्षांपूर्वी ती आजच्यासारखी नव्हती. गोदावरीने आणलेल्या रेतीतून लाटांनी ती वाढवत नेली. वादळ आलं की पहिला मार ती खाते, बंदर आणि शहर तिच्या आडोशाला. मी पहिल्यांदा होडीने गेलो तेव्हा वाकून रेती हातात घेतली आणि उगाच वाटलं, यातले काही दाणे आपल्या गावच्या घाटावरून गेले असतील. घरच्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ऊन लागलं वाटतं.

दुसरी बाजू उप्पाड्याची. उप्पाडा जामदानी साड्या ऐकल्या असतील, तेच गाव. काकीनाड्याहून तिकडे समुद्रालगत रस्ता जातो. दर वादळात समुद्र त्याचा घास घेतो. मोठमोठ्या पोत्यांसारख्या जिओट्यूबमध्ये रेती भरून भिंत घातली होती, तीही फाटली. एका सकाळी ऑफिसला निघालो तर डांबराची कड हवेत लटकत होती, खाली पाणी. पांढरा पट्टा तसाच, व्यवस्थित रंगवलेला.

तर भाची काय करते? आमच्या रस्त्याचं पुढे काय होणार ते पाहते.

काठावरचा
मी हे तीनदा वाचलं. आमच्या घाटाची रेती समुद्रापर्यंत जाते हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. आम्हाला ती टिप्परपर्यंतच जाताना दिसते.

शंकेखोर
मग समुद्र एवढा खायला का लागला? पूर्वी भूक नव्हती?

निवृत्त_उपअभियंता
भूक तीच, ताट रिकामं झालं. नदी रेती आणून टाकते, लाटा उचलून पुढे नेतात, हा हिशोब जुळला की किनारा जागेवर. नदीची आवक तुटली की लाटा साठ्यातली रेती न्यायला लागतात. २००४ साली करंट सायन्स या शोधपत्रिकेत आंध्र विद्यापीठातल्या अभ्यासकांचा लेख आला होता. सत्तरच्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत होती, नव्वदच्या दशकात ६ कोटींच्या आत आली. कारण वरची धरणं. सोबत इतरही कारणं असतात. समुद्राची पातळी, वादळं, बंदरांच्या भिंती, त्रिभुज प्रदेशाची जमीन खचणं. पण आवक हे मोठं.

अनुशेष
आलं! शेवटी गाडी आमच्यावरच आली. आकडे तुमचे नव्वदच्या दशकापर्यंतचे. तेव्हा वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं काम चालू होतं, पायाभरणी १९८८ ची, पाणी अडायला अजून वेळ होता. मग ते ९ कोटी टन कोणी अडवले? जायकवाडी, श्रीरामसागर, वरच्यांनीच ना? आता आमच्या वाट्याला धरण आलं तर किनाऱ्याचं बिल आमच्या नावावर? माझ्या बापाने ओलिताची वाट पाहत जन्म काढला. रेती अडते म्हणून धरण नको म्हणणाऱ्याने आधी माझ्या धुऱ्यावर मे महिन्यात उभं राहावं.

गोदावरीचं टोक
@अनुशेष, तुमचा तारखांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. आणि धरण नको असं कोणी म्हटलेलं नाही. माझ्या भावाचं वावर ओलिताखाली यावं हे मलाही वाटतं. पण इथल्या कोळ्याचं घर गेलं तर त्यालाही कारण कळायला हवं, एवढंच. तो देवाला बोल लावतो.

झाडीपट्टीची लेक
धरणाचं सोडा, ते दिसतं तरी. रात्रीचं बोला. आमच्या घाटाचा लिलाव होतो अमुक ब्रासचा, आणि उपसा किती याचा हिशोब फक्त कुत्र्यांना माहीत, कारण रात्रभर तीच भुंकत असतात. माझ्या लहानपणी नदीत उतरलं की घोट्यापर्यंत रेती, पाय भाजायचे. आता कातळ आणि चिखल. ढिवरांची डांगरवाडी व्हायची पात्रात, टरबूज, काकडी. रेतीच नाही तर वाडी कशात लावतील? समुद्राचं नंतर पाहू, नदीनेच आधी जीव टाकला. तक्रार केली तर वरून विचारतात, पुरावा? अंगणातली धूळ दाखवू का?

आणि सिरोंच्याकडे गोदावरीवरच्या मेडीगड्डा बॅरेजच्या फुगवट्याने किती शेतं गेली ते तिकडच्यांना विचारा. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांबच खचले. पाणी अडवायचं ते दरवाजे उघडून बसावं लागलं.

अजून एक, सगळ्या खर्रा (पन्नीतली तंबाखू-सुपारी) खाणाऱ्या भाऊ लोकांसाठी. तुमची पन्नी नालीत, नाली नदीत, नदी @गोदावरीचं टोक यांच्या दारात. २०२२ मध्ये ७५ दिवस ७५ किनारे साफ करायची मोहीम झाली, त्यात भाचीची संस्थाही होती. किनाऱ्यावर सापडलेल्या कचऱ्याची वर्गवारी करतात म्हणे. खर्र्याच्या पन्नीचा वेगळा रकाना करायला सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, मी पन्नी खिशात ठेवतो. बायको धुताना बोंबलते, पर समुद्र वाचते.

पुदुच्चेरीकर
सून तमिळ असल्याने इकडे येणंजाणं. अभ्यासाचा उपयोग काय, याचं उदाहरण देतो. पूर्व किनाऱ्यावर वर्षाचा हिशोब केला तर रेती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. चेन्नईचं बंदर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलं, त्याच्या भिंतीला दक्षिणेला रेती अडली आणि मरीना बीच रुंद झाला. उत्तरेला रोयापुरम मात्र झिजत गेलं. म्हणजे एकाचं फिरायला जायचं ठिकाण हे दुसऱ्याचं गेलेलं अंगण.

पुदुच्चेरीत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बंदराला भिंती घातल्या आणि शहरासमोरचा किनारा नाहीसा झाला. नुसते दगड उरले. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गांधीजींच्या पुतळ्यासमोर दगडांवर लाटा आपटत होत्या. मग भाचीच्या संस्थेने आणि चेन्नईच्याच राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने मिळून भिंत वाढवायच्या ऐवजी २०१८ च्या सुमारास पाण्याखाली पाचरीच्या आकाराचं लोखंडी खोकं बसवलं. लाट त्यावर मोडते, किनाऱ्याला पोचेपर्यंत दमते. सोबत बंदरातली काढलेली रेती आणून टाकली. आता तिथे नातू रेतीत खड्डे करतो. सगळीकडे हे जमेलच असं नाही. पण आधी कोणीतरी वर्षानुवर्षं लाटा मोजल्या होत्या, रेती चाळली होती, म्हणून पाचर कुठे ठेवायची ते कळलं.

मालवणी मासोळी
आमच्याकडे धूपप्रतिबंधक बंधारा आला तेव्हा पेढे वाटले होते. बंधारा जिथे संपतो तिथल्या घराने नाही वाटले. तीन पावसाळ्यांत त्याचा माड गेला.

अनुशेष
हे मात्र पटलं. आमच्या नदीच्या वळणावर एकाने काठाला दगडी पिचिंग करून घेतलं, वशिल्याने. पुढच्याच पुरात धार वळली आणि समोरच्याचं दीड एकर खरडून गेलं. समोरचा म्हणजे मी. पहिल्या प्रतिसादात हे लिहायला हवं होतं, पण चिडलो होतो.

संत्रावाला
@अनुशेष, पाणंद रस्त्याचं काय झालं? खरंच विचारतोय.

अनुशेष
१२ वं वर्ष लागलं.

काठावरचा
उशिरा आलो, धान कापणी चालू होती. रविवारी भाचीशी फोनवर बोललो, स्पीकरवर, बाई शेजारी बसलेली. धाग्यातलं सगळं वाचून दाखवलं. चाळण्यांवर म्हणाली, बरोबर सांगितलं, फक्त काका एक विसरले, त्याआधी रेतीतले शिंपल्यांचे तुकडे ॲसिडने विरघळवावे लागतात, नाहीतर वजन खोटं येतं. होप आयलंडवर म्हणाली, "मामाजी, मी अजून तिथं गेली नाही. जाईन तेव्हा त्या काकांकडे जेवेन."

मग एक गोष्ट निघाली. दिवाळीहून परत जाताना पोरीने आमच्या घाटावरची रेती सोबत नेली होती. चिवड्याचा डबा रिकामा करून त्यात भरली होती, कोणाला न सांगता. सुटीच्या दिवशी तिथल्या ताईंना विचारून चाळून पाहिली. आपली रेती वरच्या दोन-तीन चाळण्यांतच अडकली, किनाऱ्याची बरीचशी पार खाली उतरते. बाईने लगेच विचारलं, "मंग चांगली कोनाची?"

"स्लॅबले आपली," पोरगी म्हणाली. "तिथंच तर भानगड हाये ना माय."

बाई थोडा वेळ काही बोलली नाही. मग फोन माझ्या हातातून घेऊन म्हणाली, "रेती राहू दे तिकडंच. होळीले येशीन तं डबा आणजो. सहाच्या सेटातला हाये तो."

संत्रावाला
डब्यावर नाव कोरलेलं आहे ना? मग कुठे जात नाही.